डालग्याखालचा कोंबडा

जमादार पंख फुलवून धावून आला, तेव्हा नव्या कोंबड्याच्या पायांची सुतळी अजून सुटायची होती. दुर्गाने त्याला तसाच उचलला, दुसऱ्या हाताने बांबूचं डालगं ओढलं आणि त्याला आत कोंबून डालगं उपडं टाकलं. वर पाट्याचा तुटका तुकडा ठेवला. जमादार डालग्याभोवती फेऱ्या मारू लागला. फटीतून चोच घालून पाहिली, मग मान ताठ करून आरवला. आतून त्याला लगेच उत्तर आलं.

"आरव, आरव," दुर्गा जमादाराला म्हणाली. "तुझ्या वाटेला नाही येणार तो. देवाचा आहे."

एका परसात दोन कोंबडे नांदत नाहीत, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. लालबागच्या त्या चाळीमागे, मसाल्याच्या डंक्याच्या भिंतीला लागून जी चिंचोळी मोकळी जागा होती, तिथे ती लग्न होऊन आली तेव्हापासून कोंबड्या पाळत होती. मसाला कांडताना उडणाऱ्या तिखटाने माणसं शिंकून हैराण व्हायची, कोंबड्यांना मात्र त्याचं काही नसे. चार कोंबड्या आणि एक जमादार. जमादार तिच्या नवऱ्याने पिल्लू असताना आणला होता. नवरा गेला, जमादार राहिला. त्याच्या मानेला सुरी लावायचा विचारही तिच्या मनाला शिवला नसता. म्हणून तर दुसरा आणावा लागला.

रामजी भिंतीच्या कडेला उकिडवा बसून हे सगळं पाहत होता. गिरणीत जॉबर होता तो एके काळी. आता चाळीतल्या मालवणी घरांची गाऱ्हाणी घालायचं काम त्याच्याकडे होतं. परसाच्या टोकाला आंब्याखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. चाळ बांधली तेव्हा गावाकडच्या माणसांनी तो राखणदार म्हणून बसवला होता. त्याच्यासमोर उभं राहून कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाची भाऊबंदकी रामजी देवाच्या कानावर घालत असे. त्याने डालगं जरासं कलतं करून कोंबड्याचा तुरा दोन बोटांनी चाचपला. तांबडा, उभा, कुठे खोट नाही.

"बरो आसा," तो म्हणाला. "पण सांभाळ. तुरो फाटलेलो कोंबडो राखणदाराक चलणा नाय. तुरो फाटलो, गाऱ्हाणा मोडला. आणि ज्याच्या हातान मोडता, त्येकाच मग भोगूचा लागता."

दुर्गाने मान हलवली. सांभाळायचं कसं, ते तिला माहीत होतं. राग सांभाळलाच होता ना तिने इतके दिवस.

राग होता शेजारच्या राधाबाईवर. दुर्गाची मुलगी मनवा, दिसायला नीटस, नाक्यावरच्या बँकेत नोकरीला. तिला दादरचं स्थळ आलं. मुलगा वरद, माणसं चांगली, पसंती झाली, सुपारी फोडायचा दिवसही ठरला. जाताना वरदची आई राधाबाईच्या दारात थांबली. पाणी मागितलं, आत बसली आणि बराच वेळ बसली. चार दिवसांनी फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. आधी जुळलेली पत्रिका एकाएकी कशी बिघडते, हे न कळण्याइतकी दुर्गा खुळी नव्हती. बिघडवायला जीभ लागते आणि ती भिंतीपलीकडे होती. आजवर एकमेकींच्या घरचं मीठ उसनं घेतलेली बाई, आणि तिने केसाने गळा कापला.

भांडायला जावं असं तिला खूप वाटलं. गेली नाही. भांडण दोन दिवसांत विझतं. तिला विझणारं काही नको होतं. राधाबाईच्या मुलाचं, शंतनूचं लग्न ठरलं होतं, तिला ते मोडलेलं पाहायचं होतं. आपल्या दारातला मांडव उतरवावा लागला की बाईचा चेहरा कसा होतो, ते तिला भिंतीला भिंत लावून पाहायचं होतं.

नवा कोंबडा आला त्याच सकाळी गाऱ्हाणं घातलं गेलं. डोक्यावरून पदर घेऊन दुर्गा उभी राहिली. नवा कोंबडा तिच्या काखेत होता. रामजीने तिला आधीच बजावलं होतं की नाव घ्यायचं नाही. नाव माणसाला लागतं, राखणदाराला कळतं.

"बा देवा म्हाराजा," रामजीने सुरुवात केली, "ह्या लेकराचा गाऱ्हाणा आयक. जेच्या कुणाच्या तोंडान हिच्या चेडवाचा ठरलेला लगीन मोडला, तेच्या कपाळाक मुंडावळ्यो लागू नये, तेच्या दारात मांडव उभो रवू नये..."

"व्हय म्हाराजा," दुर्गा म्हणाली. एवढ्या जोरात म्हणाली की आंब्यावरचे कावळे उडाले.

त्या दिवसापासून तिला चांगली झोप लागू लागली. काम झालं की कापायच्या देवाच्या कोंबड्याला ती स्वतः भिजवलेलं धान्य घाली, त्याला फिरायला सोडायचा तर जमादाराला आधी खुराड्यात कोंडी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. हा तर डालग्याखालून असा आरवायचा की दुसऱ्या मजल्यावरची माणसं दुर्गाला शिव्या घालायची. दुर्गाला तो आवाज गोड लागायचा. राधाबाई समोरून आली की ती हसून विचारी, काय म्हणतेय लग्नाची तयारी. राधाबाई सांगत बसे, हॉल कुठला, साड्या किती. दुर्गा सगळं ऐकून घेई आणि मनात एकेक साडी परत दुकानात पाठवी.

पण दिवस जात होते आणि शंतनूचं लग्न काही मोडत नव्हतं. उलट एका रविवारी सकाळी राधाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊनच दारात उभी राहिली. हळदीचं बोलावणं करायला. दुर्गा म्हणाली, मी कशाला, मला विधवेला कुठे पुढे करतेस. राधाबाईने ताट खाली ठेवलं.

"ते मी मानत नाही, दुर्गे. जात्याला पहिला हात तुझा लागायचा. शंतनूला तू अंगाखांद्यावर खेळवलायस."

ती गेल्यावर दुर्गाने दार लावलं आणि दात खाल्ले. जखमेवर मीठ चोळायलाच आली होती बया. दुसरीची लेक बिनलग्नाची बसवायची आणि वर तिच्याच हाताने आपल्या पोराची हळद दळून घ्यायची. ती तरातरा मागच्या दाराशी गेली. मनवा तिथे पायरीवर बसून केस वाळवत होती.

"झोपलाय की काय तो राखणदार," दुर्गा म्हणाली. "एवढा कोंबडा दाखवला त्याला."

"कसला कोंबडा दाखवलास?" मनवाने विचारलं. तिला वाटत होतं, दुसरा कोंबडा आईने हौसेनेच आणला.

दुर्गाने मग सगळं सांगितलं. इतके दिवस पोटात ठेवलेलं सांगताना तिला चढल्यासारखं झालं. गाऱ्हाण्यातले शब्द तर तिने रामजीच्या सुरात म्हणून दाखवले. ज्याच्या तोंडाने मोडलं, त्याच्या कपाळाला मुंडावळ्या लागू नयेत. मनवाचा केसांत फिरणारा कंगवा थांबला.

"नाव घेतलंत?"

"नाव घ्यायचं नसतं. त्याला कळतं."

देवदेवस्की मानणाऱ्यांतली मनवा नव्हती. तरी तिने कंगवा बाजूला ठेवला आणि ओले केस घाईघाईने बांधले.

"राधामावशीने काही नाही केलं, आई. त्यांनी तर माझं कौतुक केलं वरदच्या आईजवळ. मोडलं ते मी. मी वरदला फोन केला आणि सांगितलं की माझं दुसरीकडे आहे. तो चांगला वागला. पत्रिकेचं कारण त्यानेच शोधलं, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"दुसरीकडे म्हणजे?"

"संघर्ष. पलीकडच्या चाळीतला. शामरावांचा मुलगा. पुढच्या महिन्यात आम्ही रजिस्टर करतोय. तुला सांगणारच होते, रोज ठरवायचे आणि रोज राहायचं."

दुर्गा खाली बसली नाही की ओरडलीही नाही. शामरावांची, बाबासाहेबांच्या फोटोला रोज ताजा हार असलेली खोली तिने पाहिली होती, त्यांच्या पोराला खाकी चड्डीत शाळेत जाताना पाहिलं होतं. तिच्या लेकीने तिला चाळीत खाली मान घालायला लावली होती, आणि वर इतके दिवस खरं दडवून एका निरपराध बाईला शिव्याशाप द्यायला लावलं होतं. सगळा राग एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरला. एक क्षण, अगदी एकच क्षण, दुर्गाला वाटलं, लागू दे. जे बोललं गेलंय ते लागू दे.

मग तिने मनवाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर ओल्या केसांची एक बट चिकटली होती, मुंडावळीचा पदर जिथे येतो बरोब्बर तिथेच. स्वतःचं "व्हय म्हाराजा" तिला कानात ऐकू आलं.

ती पायरी उतरून परसात गेली. जमादार मोकळाच होता. डालग्याखाली नवा कोंबडा घुसमटून फडफडत होता. दुर्गाने आंब्याखालच्या दगडाकडे एकदा पाहिलं. हात जोडले नाहीत. पाट्याचा तुकडा बाजूला केला आणि दोन्ही हातांनी डालगं उचलून भिंतीशी फेकलं.

जमादाराने वाट पाहिलीच नाही. दोघे छातीला छाती भिडवून हवेत उडाले, पडले, पुन्हा उडाले. कोंबड्या ओरडत खुराड्यात शिरल्या. तिखटाने लाल झालेली धूळ उठली. आवाज ऐकून राधाबाई आपल्या मागच्या खिडकीत आली.

"अगं दुर्गे, देवाचा ना तो, रामजी म्हणत होता? धर त्याला. तुरा फाडतोय जमादार."

"बघतेय मी," दुर्गा म्हणाली.

आणि ती बघत राहिली. नव्याचा तुरा मधोमध फाटून एका अंगाला लोंबेपर्यंत तिने हात पुढे केला नाही. मग वाकून तिने त्याला उचललं. त्याचं रक्त तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, ते तिने पुसलं नाही. रामजीने सांगितलेलं तिला आठवत होतं, कुणाच्या हाताने मोडतं आणि कुणाला भोगावं लागतं ते. तिने कोंबड्याला पदराखाली घट्ट धरलं. पायरीवर मनवा उभी राहिली होती.

"बघत काय राहिलीस," दुर्गा तिला म्हणाली. "आतली हळद आण."