परवान्यातली खोली

"सरक जरा, उजेड अडवतेस," एफ्राइन म्हणाला.

"टेबल माझं, आणि सरकायचं मीच?" असं म्हणत व्हनेटा सरकली. लोरेन नगरपालिकेच्या परवाना खात्यात तिचे केस पिकले होते. "बाकीचे लोक घरबसल्या कॉम्प्युटरवर बघतात ही यादी. तू एकटाच येतोस अजून."

"कॉम्प्युटर कॉफी देत नाही."

"मी तरी कुठं देते? तूच ओतून घेतोस."

एफ्राइन कोटो भिंती करायचा. लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पाट्या ठोकायच्या, सांधे पुट्टीनं भरायचे आणि घासून असे सपाट करायचे, की रंग दिल्यावर एक पाटी कुठं संपली नि दुसरी कुठं लागली ते हातालासुद्धा कळू नये. पोलादाच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्यानं हे काम धरलं होतं. जाहिरात वगैरे त्याच्या स्वभावात नव्हती. गावात कुणी खोली वाढवली, स्वयंपाकघर मोडून नवं केलं, की परवाना काढावा लागतो आणि ती नोंद कुणालाही बघता येते. दर मंगळवारी येऊन तो नवे पत्ते बघून जाई. लगेच मात्र कुणाकडे जात नसे. आधी पाया होणार, मग सांगाडा, मग नळ आणि तारा. भिंतींची पाळी येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. त्या बेतानं तो दार वाजवी, आणि घरमालकाला वाटे, हा माणूस देवानंच धाडला.

यादीवरून फिरणारं त्याचं बोट थांबलं.

मेपलक्रेस्ट रस्ता. मालक क्रेग आणि नेरेइदा सँडविग. तळमजल्यावर एक झोपण्याची खोली, जोडून न्हाणीघर. दारं रुंद, व्हीलचेअर जाईल अशी.

"काय रे? चेहरा का असा झाला?"

"माझ्या मुलीचं घर आहे हे."

व्हनेटानं चष्मा सारखा करून वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "तळमजला! रुंद दारं! अरे, तुझे गुडघे बघूनच काढलाय हा परवाना. आणि तुला पत्ता नाही!"

"काहीतरीच बोलू नकोस," तो म्हणाला. पण त्या दिवशी बाकीचे पत्ते उतरवून घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

नेरेइदा त्याची एकुलती एक मुलगी. बायको, लुमी, गेली तेव्हा तो कोलंबस शहरात एका हॉटेलच्या भिंती करत होता. काम सोडलं असतं तर हातचं गेलं असतं. "शुक्रवारी येतोच," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. लुमी गुरुवारी गेली. त्याबद्दल नेरेइदा एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच त्याला जड जाई. रविवारी तिचा फोन येई. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, जेवलात का. मग दोघंही गप्प होत आणि कुणीतरी फोन ठेवी.

आता त्याला वाटलं, इतकी वर्षं बोलली नाही, पण पोरीच्या मनात होतं तर.

त्यानं तिला विचारलं नाही. ती आपण होऊन सांगेल, तिची गंमत का घालवा? दोन-तीनदा गाडी मुद्दाम त्या रस्त्यानं नेली. पाया भरला. सांगाडा उभा राहिला. खिडकी पूर्वेला ठेवलेली पाहून त्याला हसू आलं. सकाळचं ऊन त्याला आवडतं, हे लुमीशिवाय फक्त नेरेइदालाच ठाऊक होतं.

न राहवून एक दिवस त्यानं घरमालकीणबाईंना सांगून टाकलं. त्यांना सगळे मानानं दोन्या प्रोविदेन्सिया म्हणत; त्या खालच्या मजल्यावर राहत आणि वरच्या दोन खोल्या त्यांनी त्याला भाड्यानं दिल्या होत्या.

"ऑक्टोबरपासून दुसरं कुणी बघा. मुलीकडे जातोय."

"हो का रे! बघ, मी म्हणत नव्हते? रक्ताचं ते रक्ताचं!" बाईंनी त्याच्या गालावर चापटी मारली आणि रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सांगितलं. लोक येऊन त्याचा हात हातात घेत. "नशीबवान आहेस, एफ्राइन." तोही मान डोलावत राहिला.

भिंतींची वेळ झाली तेव्हा त्यानं धुतलेला सदरा घातला, हत्यारांची पेटी उचलली आणि मेपलक्रेस्टवर गेला. अंगणात जिप्समच्या पाट्यांचा ढीग ताडपत्रीखाली रचलेला होता.

नेरेइदानं दार उघडलं. मग लहानपणीच्या सवयीनं तिनं आशीर्वाद मागितला, "बेंदिसिओन, पापा."

"देव तुझं भलं करो, पोरी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"परवाना निघाला की सगळ्या गावाला कळतं. मलाच नाही का कळणार?" तो हसत आत शिरला. सांगाड्याच्या उभ्या लाकडांवरून हात फिरवला. "काम चांगलं आहे. पण भिंती मीच करणार हं. स्वतःच्या खोलीच्या भिंती दुसऱ्याकडून करून घेतल्या तर लोक काय म्हणतील मला?"

तो बोलत राहिला. पलंग या बाजूला बरा, खुर्ची खिडकीशी. बोलता बोलता त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं आणि थांबला.

"पापा," ती हळूच म्हणाली, "ही खोली लॉर्नासाठी आहे. क्रेगच्या आईसाठी. तिला अर्धांगाचा झटका आला, मार्चमध्ये. मी सांगणार होते तुम्हाला. रोज म्हणायचे, या रविवारी सांगीन."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. एफ्राइननं पेटी खाली ठेवली, तिचा कडी-कोयंडा उगाच उघडला नि लावला.

"मग मी काय म्हणतोय?" तो म्हणाला. "स्वतःची म्हणजे आपल्या घरची. क्रेगची आई काय परकी आहे?"

"पापा..."

"कुणाला दिलंय का काम?"

"नाही अजून."

"मग झालं तर. उद्या सकाळी येतो."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. वरच्या पाट्या धरायला क्रेग संध्याकाळी मदत करी. दिवसभर एफ्राइन एकटाच असे. पाट्या ठोकण्याआधी त्यानं लाकडांच्या मधे जाड आडव्या फळ्या बसवल्या. पलंगाशी, दाराशी, न्हाणीघरात चारी बाजूंनी. पुढं कुठंही धरायला दांडा लावावा लागला, तरी भिंतीनं अंगाचा भार घ्यावा म्हणून. नकाशात ते नव्हतं.

तो सांधे भरत होता तेव्हा नेरेइदा कॉफी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"तुम्हाला राग आलाय."

"नाही ग."

"आला असेल तर बोला ना! तुम्ही कधी बोलतच नाही." तिचा आवाज चढला. "मला नाही वाटलं तुम्ही याल म्हणून. राहायला. तुम्ही कुठल्या घरात टिकलात हो कधी? सकाळी उठावं तर तुमची गाडी गेलेली असायची."

त्यानं पुट्टीची पाती पुसली.

"मम्मी हॉस्पिटलात होती तेव्हा लॉर्ना माझ्याबरोबर होती," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला. "माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आपल्या मुलाच्या मैत्रिणीच्या आईसाठी तिला काय पडलं होतं? पण खुर्चीवर झोपायची रात्री. मम्मीचे केस विंचरायची. शेवटच्या दिवशी मी कॉफी आणायला खाली गेले होते, पापा. मम्मीजवळ तीच होती."

एफ्राइनला हे ठाऊक नव्हतं. लुमी कशी गेली, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आपण विचारलं तर आपण नव्हतो हे बोलावं लागेल, म्हणून.

"मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

ती गेली. तोवर तसराळ्यातली पुट्टी घट्ट झाली होती. ती टाकून त्यानं नवी कालवली आणि भरलेला सांधा खरवडून पुन्हा पहिल्यापासून भरला.

त्या संध्याकाळी त्यानं दोन्या प्रोविदेन्सियांचं दार वाजवलं. "कुणाला दिल्यात का वरच्या खोल्या?"

"नाही रे. का?"

"मग मीच राहतो."

बाईंनी तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मिटलं. "बस," त्या एवढंच म्हणाल्या. "भात-गांदुलेस केलाय. गरम आहे." तुरीचे दाणे घातलेला तो भात त्यानं खाल्ला. चर्चमध्ये पुन्हा कुणी त्याला त्याबद्दल विचारलं नाही. बाईंनीच सगळ्यांना गप्प केलं असणार.

लॉर्नाला आणलं त्या दिवशी एफ्राइन न्हाणीघराच्या दाराशी शेवटचं घासकाम करत होता. तिची गाडी यायच्या आत निघून जायचा त्याचा बेत होता, पण क्रेग तिला लवकर घेऊन आला. तिची व्हीलचेअर रुंद दारातून अलगद आत आली. लॉर्ना वाळून गेली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेले. क्रेग सामान आणायला बाहेर गेला.

"लॉर्ना, हे माझे पापा," नेरेइदा म्हणाली. "यांनीच भिंती केल्या."

लॉर्नानं डाव्या हाताचा पंजा भिंतीवर टेकवला आणि हळूहळू फिरवला. मग एफ्राइनकडे पाहिलं. बघता बघता तिचे डोळे मोठे झाले, तिला काहीतरी आठवलं.

"लु..." ती म्हणाली. "लु... मी."

एफ्राइनच्या हातातून घासायचा कागद गळला.

"लुमी," तिनं पुन्हा म्हटलं, आता स्पष्ट. पुढं आणखी काही होतं. तिचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डावा हात हवेत काहीतरी धरू पाहत होता. पण प्रत्येक वेळी तेवढाच शब्द बाहेर येई. लुमी. लुमी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"झटक्यानं तिची वाचा गेलीय, पापा," नेरेइदा कशीबशी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता येणार नाही बहुतेक. तिला त्रास होतोय. राहू दे."

एफ्राइननं पुट्टीचं रिकामं पिंप उपडं केलं आणि लॉर्नाच्या खुर्चीसमोर ठेवून त्यावर बसला. बसताना गुडघे वाजले. त्यानं पांढऱ्या धुळीनं माखलेले हात पँटला पुसले आणि तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला.

"सावकाश," तो म्हणाला. "मला कुठं जायचं नाहीये."

लॉर्नानं श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

नेरेइदा दारात उभी होती. थोड्या वेळानं तिनं आत येऊन खिडकी लावली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि दोघांच्या शेजारी जमिनीवर बसली.