कवळीच्या पैशांचा लॅपटॉप

आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये चौदा टाइपरायटर होते आणि प्रत्येकाची घंटी वेगळी वाजायची. माझ्या यंत्राची घंटी कायम सर्दी झाल्यासारखी. ओळ संपत आली की ती कण्हायची, मग डाव्या हाताने दांड्याला एक चापट मारायची, की रोलर सर्रकन उजवीकडे सरकून नवी ओळ तयार. एकतीस वर्षं मी ती चापट मारली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात दोष त्या चापटीचा आहे, माझा नाही.

निवृत्त होऊन सोळा वर्षं झाल्यावर आमच्या वाचनालयाने पाटी लावली. हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदवह्या टाइप करून हव्यात, कामाचा मोबदला मिळेल, लॅपटॉप स्वतःचा आणावा, सोमवारी चाचणी. पाटी वाचून माझी बोटं पिशवीच्या बंदावर आपोआप वाजायला लागली. सोळा वर्षांत कुणी मला 'बाई, हे तातडीचं आहे' असं म्हटलं नव्हतं. मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

माझ्याशिवाय दुसरा अर्ज आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांचा होता. ते दोन बोटांनी टाइप करतात, पण लॅपटॉप कोरा करकरीत, पातळ, सुरीसारखा.

माझ्याकडे पैसे होते ते नव्या कवळीचे. खालची कवळी सैल झालेली, 'फ' म्हटलं की पुढे यायची. पण फ फार वेळा लागत नाही, असा विचार करून मी ते पैसे लॅपटॉपला वळवले. चुकीचा लॅपटॉप निघाला असता तर ना काम, ना दात.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, नवाच घे. जुन्यात काय निघेल सांगता येत नाही."

"जुन्यात जे निघायचं ते पहिल्या मालकाकडेच निघालेलं असतं," जाऊबाई शेजारून ओरडली. माझ्या धाकट्या दिराची ही बायको. तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि सगळी मशीनं तिने वापरलेलीच घेतली होती. तिच्याशिवाय मी साधा टॉर्चही घेत नाही.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. एका भिंतीला नवे लॅपटॉप, दुसऱ्या भिंतीला दुरुस्त करून विकायला ठेवलेले. दुकानदार बिचारा सभ्य होता.

"आजी, तुमच्या बजेटमध्ये हा नवा बसतो. बघा, किती हलका!"

"हलका का आहे?" जाऊबाईने विचारलं. "आत काय काय घातलं नाही?"

त्याला हसू आलं, पण माणूस खोटं बोलला नाही. "या किमतीत मेमरी कमीच असते. चार कामं एकदम उघडली की जरा दमतो."

"नवीन असून दमतो?"

मी म्हटलं, आधी बसून बघते. माझ्या हाताला सवय असलेली जुन्या टाइपरायटरची अक्षररचना त्याने लावून दिली. बटणांवर काय छापलंय हे मी कधी बघतच नाही. सुरुवात केली आणि काय सांगू, बोटं धावत सुटली. 'सप्रेम नमस्कार, आपल्या दिनांक चोवीसच्या पत्रान्वये' इथपर्यंत आले, ओळ भरली, आणि डावा हात उठून गेला. फाट! लॅपटॉप काचेच्या टेबलावरून घसरत गेला आणि पलीकडे बसलेल्या जाऊबाईच्या मांडीत पडला.

दुकानदाराचा चेहरा पांढरा पडला.

"घसरतो," जाऊबाई शांतपणे म्हणाली आणि लॅपटॉप त्याच्या हातात दिला. "हा नको. ते वजनदार दाखवा."

मग आम्ही दुसऱ्या भिंतीकडे वळलो. तिथे मला फार बरं वाटलं. वापरलेली बटणं बोलतात. एकावर फक्त बाणांची बटणं झिजलेली. मी म्हटलं, "हा खेळणाऱ्याचा. बिचाऱ्याचे हाल झालेत." दुसऱ्यावर खोडायचं बटण गुळगुळीत झालेलं. "हा माणूस लग्नाला हो म्हणायलाही चार वर्षं लावेल." तिसरा काळा, जाडजूड, कुठल्याशा ऑफिसातून आलेला. त्याची सगळी बटणं सारखी झिजलेली आणि स्पेसच्या लांब पट्टीवर उजव्या अंगठ्याच्या जागी चकाकी. दहाही बोटांनी टाइप करणारी कुणीतरी होती ती. मला एकदम आमचा हॉल आठवला आणि डोळे भरून आले.

"वहिनी, रडायचं नंतर," जाऊबाई म्हणाली आणि तिने तो लॅपटॉप हातात घेतला. झाकण वीस वेळा उघडलं, मिटलं. बिजागरीला कान लावला. उलटा करून स्क्रू मोजले, एक कमी होता, तो लावून घेतला. "यात काय काय बदललंय?"

"बॅटरी नवीन, डिस्क नवीन, मेमरी वाढवलीय. बाकी सगळं मूळचं."

"बॅटरी किती वेळ टिकते ते लावून दाखवा. आम्ही बसतो."

आम्ही दोन तास बसलो. दुकानदाराने आपणहून चहा मागवला. शेवटी जाऊबाईने एक वर्षाची गॅरंटी कागदावर, सही-शिक्क्यासकट लिहून घेतली. निघताना मी त्याला एक चापट मारून बघितली. लॅपटॉपला म्हणते मी. जेमतेम बोटभर हलला. घेतला.

सोमवारी वाचनालयात एकच लांब टेबल. डावीकडे मी, माझ्या उजव्या हाताला साहेब. जाऊबाई टेबलाच्या उजव्या टोकाला, वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळ सफरचंद खात बसलेली. ग्रंथपालबाईंनी नोंदवहीचं एकेक पान दोघांना दिलं. तीस ओळी, अर्धा तास.

"टायपिस्टबाई, तुमचा लॅपटॉप म्युझियममधला का?" साहेब म्हणाले.

"फारच सुंदर आहे तुमचा," मी म्हटलं आणि कवळी जागेवर बसवली.

चाचणी सुरू झाली. पहिली ओळ, फाट. दुसरी ओळ, फाट. प्रत्येक चापटीला माझा लॅपटॉप बोटभर उजवीकडे सरकत होता. आता बोटभर म्हणजे काहीच नाही. पण दहाव्या ओळीला तो साहेबांच्या लॅपटॉपला जाऊन टेकला, आणि तिथून पुढे दोघंही सरकायला लागले. मीही खुर्चीसकट त्यांच्या मागून.

साहेबांची मान बटणांत घातलेली. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. लॅपटॉप सरकला की तेही खुर्ची सरकवायचे. एकदाच पुटपुटले, "टेबल उतरतं आहे का हो?"

"असेल," मी म्हटलं. मला थांबायला वेळ नव्हता.

अठ्ठाविसाव्या ओळीला मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, साहेबांचा लॅपटॉप अर्धा टेबलाबाहेर. तो पडला तर काम गेलंच, वर भरपाई! मी मनाशी ठरवलं, आता चापट नाही म्हणजे नाही. एकोणतिसावी ओळ भरली. डावा हात उठला. मी उजव्या हाताने त्याला धरायला गेले, पण एकतीस वर्षांचा हात तो, ऐकतो कुठे? फाट!

साहेबांची ती सुरी टेबलावरून गेली. जाऊबाईने सफरचंद दातांत धरून दोन्ही हातांनी ती अलगद झेलली. आणि साहेब? साहेबांची दोन बोटं आणखी चार शब्द रिकाम्या टेबलावरच आपटत राहिली.

मी तिसावी ओळ पुरी केली आणि हात मांडीखाली दाबून बसले.

"ही ढकलाढकली आहे!" साहेब दाराजवळून ओरडले. तोवर ते दारापर्यंत पोचले होते.

"मीटरभर गेलात साहेब, आणि तुम्हाला आत्ता कळतंय?" ग्रंथपालबाईंनी दोन्ही लॅपटॉप तपासले. साहेबांच्या सहा ओळी, माझ्या तीस. दोन चुका निघाल्या, त्याही मूळ वहीतल्या. ग्रंथपालबाई बराच वेळ गंभीर राहायचा प्रयत्न करत होत्या. मग म्हणाल्या, "काम काकूंना. पण टेबल भिंतीला लावून, उजवी बाजू भिंतीकडे."

साहेबांचा चेहरा इतका उतरला की मलाच राहवेना. मी म्हटलं, "वह्यांतलं अक्षर फार किचकट आहे. कुणी वाचून दाखवलं तर बरं होईल." आता ते रोज अकराला येतात, माझ्या डाव्या हाताला, सुरक्षित अंतरावर बसतात आणि बँकेच्या आवाजात वाचतात. काल तर म्हणाले, "बाई, हे पान तातडीचं आहे."

लॅपटॉप उत्तम चालतो. भिंतीला मात्र एक खळगा पडलाय. कवळी पहिल्या मोबदल्यात होईल. तोवर मी केळी खाते, आणि जाऊबाई समोर बसून मुद्दाम कचाकचा सफरचंद खाते.