आईच्या वाणाचा टोमॅटो

सुपरमार्केटात डेल्फियाने ढकलगाडी थांबवली ती थांबवलीच. ‘पिढीजात वाण’ अशी पाटी होती आणि खाली थेट आईचे टोमॅटो मांडून ठेवल्यासारखे दिसत होते. जांभळट गुलाबी, देठापाशी हिरवट, अंगाला घड्या पडलेले, एकेक मुठीत न मावणारा.

केंटकीच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या परसात, आजीपासून त्यांच्या घरात हेच वाण राखलं होतं. दर उन्हाळ्यात सगळ्यात देखण्या फळाचं बी काढायचं, वाळवायचं, बरणीत भरायचं. मग एका जुलैत ओढ्याला पूर चढला आणि घर, परस, बरणी सगळं घेऊन गेला. बी शेजाऱ्यांकडेही होतं, पण शेजारीही त्याच ओढ्याकाठचे. आता डेल्फिया आणि तिचा थोरला भाऊ ऑर्विल गावाबाहेरच्या खडीच्या मैदानात, पूरग्रस्तांना मिळालेल्या पत्र्याच्या घरात राहत होते.

"ऑर्विल, बघ तरी काय सापडलंय!" ती दारातूनच ओरडली.

"कोळशाची खाण सापडली असेल तर परत पुरून ये. एक जन्म पुरे झाला मला खाणीत."

तिने पांढऱ्या ब्रेडला मेयोनीज फासलं, टोमॅटोचा जाड काप काढला. सुरीला रस लागला नाही. आत पांढरा, टणक गाभा होता. तरी तिने मीठ-मिरी भुरभुरवली आणि डोळे मिटून घास घेतला. लागलं ते मेयोनीज आणि मीठ. मधे काहीतरी ओलं आणि गार.

"कसंय?" ऑर्विलने विचारलं.

"कच्चा निघाला. बाकीचे ठेवते खिडकीत."

खिडकीत ते मऊ पडले, सुरकुतले, गोडी काही आली नाही. डेल्फियाने मात्र बी काढून घेतलं.

"ज्याला चव नाही त्याचं बी कशाला?" ऑर्विल म्हणाला.

"हिरवे तोडून ट्रकात कोंबले की चव जाणारच. बियांना काय झालंय?"

वसंतात तिने रोपं केली, अंगणातल्या बादल्यांत लावली. पानं चोळली की बोटांना तोच उग्र, हिरवा वास यायचा. ती कितीतरी वेळ हात धुवायची नाही. ऑगस्टमध्ये फळं रंगली. गोल, लालभडक, गुळगुळीत. घडी नाही, जांभळी झाक नाही. कुठल्यातरी दोन जातींचा संकर करून आईच्या टोमॅटोचं नुसतं रूप आणलेलं होतं आणि पुढच्याच पिढीत तेही गळून पडलं होतं.

ती बादल्यांतली रोपं उपटायलाच निघाली होती. पण ऑर्विलने आपल्यापुरतं सँडविच करून घेतलं आणि पायरीवर बसून खाल्लं. हनुवटीवरून रस ओघळला.

"डेल, अगं हाच! अगदी आईचा."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? चव विसरेन का मी?"

त्याचे डोळे भरून आले होते. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो.

"अरे, आईचा असा नव्हता," ती म्हणाली. "तो आधी आंबट लागायचा आणि मग... मागून..."

तिने त्याच्या हातातलं सँडविच घेऊन चावा घेतला. बाजारच्यापेक्षा बरा होता. आंबटगोड होता, रसाळ होता. मग आईच्यात आणखी काय होतं? तिने घास तोंडात घोळवला. आईचे मीठ लागलेले हात आठवले, टेबलावरचं मेणकापड आठवलं, माश्या हाकलणारा तिचा फडका आठवला. चव आठवेना. ती आठवणीतून नेमकी कधी गेली, पुरात की त्यानंतर कधीतरी, तेही तिला सांगता येईना.

"बी काढून ठेवशील ना याचं?" ऑर्विलने बोटं चाटत विचारलं.

"कशाचं?"

तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने तोच प्रश्न मोठ्याने विचारला. डेल्फियाने उरलेलं सँडविच त्याच्या हातात दिलं आणि ती आत निघून गेली.