तपकिरी दांड्यांचा गॉगल

कारखान्यात कोणाचं काय दुखतंय हे सगळ्यात आधी स्टोअरच्या खिडकीला कळतं. एखाद्या विभागातले हातमोजे भराभर फाटू लागले की समजावं, तिथल्या पत्र्याची धार नीट घासलेली नाही. मलमपट्टीची पेटी सारखी रिकामी होऊ लागली की समजावं, सुपरवायझर घाई करतोय. पण एकच माणूस थोड्या थोड्या दिवसांनी आपल्या मशीनवरच्या दिव्यासाठी आणखी मोठा बल्ब मागायला येऊ लागला, तर काय समजावं? स्टोअर सांभाळणाऱ्या बाईला हे काही केल्या उमजलं नाही, आणि तो माणूस तर तिचा सख्खा थोरला भाऊ होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भाऊ लेथवर होता. लोखंडाचा दांडा गरगर फिरवून त्याला हवा तो आकार देणारं ते मशीन त्याने वडील गेले त्या साली धरलं, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आणि त्याच्या पगारावर धाकट्या बहिणीला शिकवलं. आता अख्खा कारखाना त्याला उस्ताद म्हणायचा. बहीणही म्हणायची. गेटच्या आत ‘उस्ताद’ आणि अहो-जाहो, गेटच्या बाहेर ‘दादा’ आणि अरे-तुरे, असा दोघांचा पहिल्या दिवसापासूनचा करार होता. नाही तर लोक म्हणायला मोकळे, की ताईने भावाला नवे हातमोजे दिले आणि आमच्या गळ्यात ठिगळांचे मारले.

गोष्ट सुरू झाली ती एका तापलेल्या तुकड्यापासून. उस्ताद मशीनवर फिरणाऱ्या दांड्यावर नाक टेकवल्यासारखे वाकून बघत होते, जुना गॉगल कपाळावर चढवलेला, आणि लोखंडाचा लालबुंद कीस उडून त्यांच्या गालाच्या हाडावर बसला. डाग करंगळीच्या नखाएवढाच, पण डोळ्याच्या अगदी खाली. डोळा थोडक्यात वाचला. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. साहेब नवे होते, तरुण होते आणि आवाज न चढवता बोलायचे, त्यामुळे लोक त्यांना जास्तच वचकून असायचे.

“आहेत ते गॉगल कोणी घालत नाही,” साहेब म्हणाले. “ताई, तुम्ही नमुने मागवा, सगळ्यांना वापरून बघू द्या, आणि लोक खरोखर घालतील असा गॉगल निवडा. सोमवारी ठरवू. त्यानंतर ज्याच्या डोळ्यांवर गॉगल नसेल, तो मशीनवर नसेल.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी उस्तादांकडे पाहिलं नाही. म्हणूनच बाकी सगळ्यांनी पाहिलं.

विक्रेत्याने खोकंभर नमुने पाठवले आणि ताईच्या खिडकीवर जत्रा लोटली. व्यक्ती तितक्या प्रकृती हे तिला ठाऊक होतं. प्रकृती तितकी नाकं, हे त्या आठवड्यात कळलं. एक गॉगल वेल्डरच्या कानाला टोचला, दुसरा त्याच्या नाकावरून घसरला. ड्रिल मशीनवरच्या बाईने सगळ्यात महाग गॉगल चढवून बघितला, आरशात पाहिलं आणि “नाकापेक्षा मोती जड” म्हणून परत केला. भट्टीवाला म्हणाला, “ताई, हा एकदम सुरक्षित आहे. वाफ धरते, काही म्हणजे काही दिसत नाही, त्यामुळे कामच बंद. काम बंद तर अपघात कुठला?” सुपरवायझरने एकही गॉगल डोळ्यांना लावला नाही. तो फक्त येता-जाता सगळ्यांना गॉगलचं महत्त्व सांगत होता. असला माणूस प्रत्येक कारखान्यात एक तरी असतोच, अशी माणसं कुठे तयार होतात देव जाणे.

तरी हळूहळू एक साधा, हलका गॉगल पुढे येऊ लागला. नाकाला मऊ रबर, बाजूला हवेसाठी बारीक भोकं. भट्टीवाल्यानेसुद्धा त्याला नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली ती फक्त उस्तादांनी. “धूसर दिसतं,” ते म्हणाले. त्याआधीच्या प्रत्येक गॉगलला ते हेच म्हणाले होते.

आणि एक गॉगल असा होता की त्याला सगळ्यांनीच नाकारलं. तपकिरी दांड्यांचा. “खाली बघितलं की जमीन वर येते हो,” ड्रिलवाली म्हणाली. “माझी पायरी चुकली.” वेल्डरचं डोकं गरगरलं. ताईने तो उजेडात धरला, तर दोन्ही काचांच्या खालच्या भागात चंद्रकोरीसारखा एक जाडसर तुकडा दिसला. काच ओतताना काही तरी बिघडलं असणार, असं म्हणून तिने तो परत पाठवायच्या ढिगात टाकला.

शुक्रवारी संध्याकाळी उस्ताद पुन्हा आले ते तोंड पाडूनच. मनासारखा एकही गॉगल उरला नव्हता. त्यांनी ढिगातून हाताला लागला तो तपकिरी उचलला आणि निघून गेले. शनिवारी सकाळी खिडकीवर आले तेव्हा चक्क शीळ घालत होते.

“हाच मागवा,” ते म्हणाले. “सगळ्यांसाठी हाच.”

“उस्ताद, तो खराब आहे. परत पाठवायचाय.”

“खराब? अहो ताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी डोकं लावून गॉगल बनवलाय! काच बघा, काय स्वच्छ! आकडा न् आकडा उठून दिसतो.”

“बाकीच्यांचं डोकं गरगरतं म्हणे.”

“नाचता येईना अंगण वाकडं. सोमवारी साहेबांसमोर मीच बोलतो. बघू कोण नाही म्हणतो ते.”

ते गेले. ताई हातात स्क्रूचा पुडा धरून तशीच उभी राहिली. आकडा न् आकडा उठून दिसतो? मग आधी काय दिसत होतं? तिने विक्रेत्याला फोन लावला. “अरे, तो होय!” तो हसला. “तो चुकून आला हो. वाचायच्या नंबरचा आहे, खालच्या बाजूला. ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांच्यासाठी.”

मग एकेक गोष्ट तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ते बल्ब. हात लांब करून वाचलेलं वर्तमानपत्र. “औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा मलाच वाचायला लावतात, आळशी झालेत नुसते,” ही वहिनीची तक्रार. आणि लेथजवळून जाताना कितीदा तरी कानावर पडलेलं ते वाक्य, शेजारच्या लेथवाल्यासमोर केसाएवढी जाडी मोजणारा मायक्रोमीटर धरून म्हटलेलं: “जरा वाच ना, माझे हात तेलकट आहेत.” वाचायला हात लागतात का डोळे? हा साधा प्रश्न इतक्या दिवसांत कोणालाच पडला नव्हता, तिलाही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

आणि लगेच भीती वाटली. या लेथवर पूर्वी एक म्हातारे उस्ताद होते. त्यांच्या नाकावर चष्मा दिसला आणि तेव्हाच्या साहेबांनी त्यांना उचलून गेटवर बसवलं, आत-बाहेर जाणारे ट्रक मोजायला. दादाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता. आता सोमवारी हाच दादा भर सभेत ओरडून सांगणार, की जो गॉगल सगळ्यांना नकोसा झाला तोच मला स्वच्छ दिसतो. साहेब काही दूधखुळे नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत तिने उस्तादांना स्टोअरमध्ये बोलावलं, खिडकीची फळी लावली आणि भोकं पाडायचं एक बोटभर ड्रिल त्यांच्या हातात ठेवलं. “यावर काय आकडा आहे?”

“माझे हात तेलकट आहेत. तुम्हीच वाचा.”

“मग हात धुवून ये, दादा.”

गेटच्या आत ती पहिल्यांदाच त्याला दादा म्हणाली होती. तो हात धुवायला गेला नाही. एका खोक्यावर बसला आणि ड्रिल बोटांत फिरवत राहिला.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाही.”

“सांगूही नकोस, धाकटे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकलेली राहील रे, पण डोळा राहील का? तो तुकडा जरा वर बसला असता तर?”

“तर गेटवर बसलो असतो. नाही तरी तिथेच बसवणार आहेत. त्या मशीनशिवाय मला काय येतं, सांग बघू तू.”

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. “हे बघ,” ती डोळे पुसत म्हणाली, “या गॉगलच्या काचेत वाचायचा नंबर आहे. म्हणून तुला दिसतं आणि त्यांना गरगरतं.”

त्याने खिशातून तो तपकिरी गॉगल काढला, उलटसुलट करून पाहिला. “होय?” तो हळूच म्हणाला. “मला वाटलं, काच चांगली आहे.”

याच्यावर हसावं की रडावं हे तिला कळेना. “सोमवारी मी दोन्ही गॉगल मांडणार,” ती म्हणाली. “साधा सगळ्यांना, आणि हा ज्याला लागेल त्याला. तुझं नाव माझ्या तोंडून यायचं नाही. पण तू मात्र ‘सगळ्यांना हाच मागवा’ म्हणून आरडाओरडा करू नकोस. तसं केलंस तर कोणी काही सांगायची गरजच उरणार नाही.”

तो उठला आणि गॉगल तिच्या टेबलावर ठेवून निघून गेला. रविवारी ती त्याच्या घरी गेली तर तो बाहेर गेलेला. वहिनी म्हणाली, “कालपासून शब्द नाही तोंडातून.”

सोमवारी सगळे लेथच्या विभागात जमले. ताईने एका स्टुलावर दोन्ही गॉगल मांडले. साध्याचं कौतुक झालं. मग साहेबांनी तपकिरी उचलला.

“हा कशाला? याच्याविषयी तर तक्रारीच तक्रारी होत्या.”

“तो नंबरचा आहे, साहेब. ज्याला जवळचं नीट दिसत नाही त्याच्यासाठी.”

“आपल्याकडे असं कोण आहे?”

सुपरवायझर छताकडे बघू लागला. ताईने मान खाली घातली. उस्तादांकडे बघायचं नाही असं तिने घरूनच ठरवून आणलं होतं. आता साहेब तो गॉगल खोक्यात टाकणार आणि दादा पुन्हा उघड्या डोळ्यांनी त्या फिरत्या लोखंडावर वाकणार, असं तिला दिसू लागलं, आणि दिलेला शब्द मोडावा की काय या विचारात तिचे ओठ हललेसुद्धा.

“मी आहे,” उस्ताद म्हणाले.

ते एक पाऊल पुढे आले. “जवळचं दिसत नाही मला. बरेच दिवस झाले. जुन्या गॉगलच्या चरे पडलेल्या काचेतून तर काहीच दिसायचं नाही, म्हणून तो वर सारून तोंड जवळ न्यायचो; धूसर तर धूसर, निदान मोठं दिसायचं.”

साहेबांनी हातातल्या तपकिरी गॉगलकडे पाहिलं. मग म्हणाले, “मला वाटत होतं, तुम्हाला नियम आवडत नाहीत.”

“नियमांचं काय, साहेब. गेटवर बसायला आवडणार नाही.”

“गेटचं आत्ता काढू नका. हा घाला आणि एक जॉब करून दाखवा. मला बघायचंय.”

उस्तादांनी गॉगल चढवला. दांडा मशीनच्या पकडीत आवळला, मशीन सुरू केलं आणि ताठ उभे राहिले. वाकले नाहीत. इतक्या दिवसांनी त्यांची पाठ सरळ दिसली तेव्हा ताईच्या ध्यानात आलं, की ती वाकू लागली होती हेसुद्धा आपण वयावर ढकललं होतं. लोखंडाची साल वेटोळी होऊन खाली पडत गेली, एक-दोन तुकडे टणकन काचेवर आपटून खाली पडले. मशीन थांबलं. उस्तादांनी मायक्रोमीटर लावला. शेजारच्या लेथवाल्याने सवयीने वाचायला हात पुढे केला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, मायक्रोमीटर स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि आकडा मोठ्याने, अगदी केसभर फरकासकट वाचून दाखवला. साहेबांनी दांडा हातात घेऊन ज्या कड्यात तो बसायचा त्यात सरकवून पाहिला. तो लोण्यातून सुरी जावी तसा आत गेला.

“उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन तुमचा नेमका नंबर काढून घ्या,” साहेब म्हणाले. “खर्च कारखान्याचा. ताई, साधे सगळ्यांसाठी मागवा आणि हे लागतील तेवढे. मशीनवर कोण राहणार ते हे कडं सांगतंय, मी कशाला सांगू?”

ताईला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण स्टोअरच्या माणसाने असं काही करायचं नसतं. तिने नुसतं नाक ओढलं.

दुपारी खिडकीवर सुपरवायझर आला. इकडे-तिकडे बघून आवाज खाली घेत म्हणाला, “ताई, तो तपकिरी... आणखी एक मिळेल का? माझ्या मेव्हण्यासाठी विचारतोय.”

“मेव्हणा कोणत्या मशीनवर आहे?”

“मशीनवर नाही हो. त्याला आपलं हे... हजेरीचं रजिस्टर वाचावं लागतं.”

“कळवते मेव्हण्याला,” ती म्हणाली, आणि मागणीत एक वाढवला.

सुटायची घंटा व्हायला थोडा वेळ होता तेव्हा उस्ताद आले. त्यांनी चिंधीत गुंडाळलेलं काही तरी खिडकीत ठेवलं. तिने सोडून पाहिलं, तर गेल्या वेळी मागून नेलेला तो मोठा बल्ब.

“खराब झाला का, उस्ताद?”

“नाही गं, धाकटे. डोळ्यांवर येतो. आधीचा लहान दे.”

दोघंही अजून गेटच्या आत होते. तिने करार मोडल्याचं बोलून दाखवलं नाही. कपाटातून लहान बल्ब काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो गॉगलसमोर धरला, पितळी टोपणाजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला आकडा वाचला आणि म्हणाला, “हाच.” त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत तेलकट होते.