गोधडीतला टीव्ही

लाइन गेली आणि परत आली, की गुणवंताच्या टीव्हीतून आवाज खणखणीत यायचा आणि काच मात्र काळीठिक्कर. बाई बातम्या सांगतेय, आणि बाईचा पत्ता नाही! एरवी तिगावात कुणी याचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती, आणि दिल्लीच्या परेडमध्ये उत्तम चालणार होता.

उत्तम म्हणजे गुणवंता-शोभाचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो संत्र्याची बाग सोडून फौजेत गेला, तेव्हा गुणवंतानं भर अंगणात सांगितलं होतं, "पुन्हा या घराले तोंड दाखवू नको." पोरगं बापाच्याच वळणाचं. त्यानं खरंच दाखवलं नाही. परेडची बातमी त्याच्या सुट्टीवर आलेल्या दोस्तानं आणली: पहिली रांग, कडेचा जवान. शोभानं ती भीत भीत नवऱ्याच्या कानावर घातली. आता हा ताट भिरकावणार, असं तिला वाटलं. तो मुकाट्यानं जेवला, हात धुतले आणि अँटेना फिरवायला छपरावर चढला.

अँटेना फिरवून झाली, स्टॅबिलायझर बदलून झाला, थपडाही मारून झाल्या. शेवटी पांढुर्ण्याहून मेकॅनिक आला. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि आतून मूठभर कापूस काढला. निघणार नाही तर काय? वेचणी झाल्यापासून सारा कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला, आणि त्याच खोलीत टीव्ही.

"कापूस हटवा येथून," मेकॅनिक म्हणाला. "आतला एक पार्ट कमजोर झाला. नवा नागपूरहून येईस्तोवर जास्त वेळ चालू ठेवू नका."

"कापूस काय दवात टाकू?" गुणवंता म्हणाला आणि त्यानं त्याला वाटेला लावलं.

त्याचं स्वतःचं निदान तयार होतं. टीव्ही बराच वेळ चालू ठेवला, की तापून हळूहळू चित्र धरतो, हे त्यानं पाहिलं होतं. "थंडीनं काकडून राहिला तो," त्यानं शोभाला समजावलं. आणि काकडणाऱ्याला आपल्याकडे काय करतात? सव्वीस तारखेला पहाटेच त्यानं टीव्ही लावला आणि मागून जाड गोधडी पांघरली.

शोभाला ते मुळीच पटलं नाही. पण दोन वर्षं ज्यानं पोराचं नाव ओठावर येऊ दिलं नव्हतं, तो त्याच्यासाठी टीव्हीला गोधडी पांघरत होता. तिचा जीव गलबलला. तिनं गोधडी तशीच राहू दिली, आणि तिथंच चुकलं.

परेड सुरू झाली तेव्हा चित्र लख्ख होतं. शेजारपाजार कापसाला टेकून बसला होता. गुणवंता सगळ्यांच्या पुढे, काचेला नाक लावून. इतक्यात उत्तमच्या पलटणीचं नाव पुकारलं गेलं, आणि शोभाच्या नाकात जळका वास शिरला. गोधडीच्या शिवणीतून धूर निघत होता. मागे हातभरावर कापूस.

तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं होतं. काचेच्या कडेला पहिली रांग नुकती शिरत होती.

तिनं वायर उपटली. गोधडी ओढून अंगणात फेकली. मोकळी हवा लागताच गोधडी पेटली.

"अवो, येत होता ना तो! काय केलं तू हे?" गुणवंता तिच्यावर धावून गेला. मग त्याला अंगणातला जाळ दिसला. शेजाऱ्यांनी पाणी ओतलं आणि एकेक करून सगळ्यांनी काढता पाय घेतला.

गुणवंता पुन्हा काळ्या काचेसमोर जाऊन बसला.

"त्याले चिठ्ठी टाक," तो म्हणाला. "बापानं पाह्यलं म्हणून लिव."

जन्मात पहिल्यांदा शोभानं त्याला नाही म्हटलं. "मी खोटं नाही लिवत, अजी. त्याच्या दोस्ताजवळ पत्ता हाये. दिल्लीची गाडी सांजची हाये. तुमीच जा."

"अन् त्यानं तोंड फिरवलं त?"

हीच भीती तिलाही होती. तिनं त्याचा धुतलेला सदरा पिशवीत भरला आणि पिशवी त्याच्यापुढे ठेवली.