होविंगच्या गोठ्यातला तारा

"अभिनंदन गं रूलीन, आईबद्दल!" यान्तिनामावशीने तिचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "आणि भावाबद्दलही! काय नाव काढलं पोराने!"

आज आईचा वाढदिवस, त्यामुळे आईबद्दलचं अभिनंदन ठीकच होतं. द्विंगेलो गावात वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या घराचं होतं. येणारा माणूस गोल मांडलेल्या खुर्च्यांपुढून हात मिळवत फिरतो, मुलीला आईबद्दल, सुनेला सासूबद्दल, शेजाऱ्याला शेजारणीबद्दल शुभेच्छा देतो, आणि मगच त्याच्या हाती कॉफी पडते. या तावडीतून कुणी सुटत नाही. पण भावाबद्दल कशाला? वोल्टरचा वाढदिवस नोव्हेंबरात, आणि हा मार्च चालला होता.

"त्याचं काय, मावशी?"

"घ्या! हे मी तुला सांगायचं? सकाळपासून रेडिओवर तेच लावलंय. तारा सापडलाय त्याला. दर दोन तासांनी हाक मारतो म्हणे, घड्याळासारखा."

रूलीन हसली. गोलात बसलेल्या माणसाला हसावंच लागतं. मावशी पुढच्या खुर्चीकडे सरकताच तिने केकच्या बशीआड फोन धरला आणि बातमी उघडली. वोल्टरचा फोटो होता, मागे तो जर्मनीत काम करतो त्या रेडिओ दुर्बिणीची अवाढव्य ताटली, आणि खाली आकाशाच्या नकाशावर एक लाल गोल. तो गोल कुठे आहे हे वाचायची तिला गरज नव्हती. ती जागा तिनेच त्याला सांगितली होती.

रूलीनचं काम गावाबाहेरच्या वेधशाळेत. शेतांमधून पसरलेल्या हजारो अँटेना रात्रंदिवस आकाश ऐकत असतात, आणि त्यांनी टिपलेलं सगळं एका कोठारात जमा होतं. काही काळाने ते कोठार कुणालाही उघडता येतं. सगळं आकाश सगळ्यांचं, असं मोठ्या तोंडाने सांगतात इथे. पण त्या ढिगात नेमकं कुठे बघायचं, हेच खरं धन असतं. ज्याला जागा कळली, त्याला सगळं मिळालं.

गेल्या वसंतात तिला ती जागा सापडली. जुन्या नोंदी चाळताना एक ठोका दिसला, दोन तासांनी दुसरा, मग तिसरा. इतक्या संथपणे काही धडधडत असेल असं काही वर्षांपूर्वीपर्यंत कुणाला वाटलंही नसतं. खरं असेल तर ती एक जोडी होती, एक विझलेला तारा आणि त्याला चिकटून फिरणारा लालसर सोबती, प्रत्येक फेरीला एकदा एकमेकांना डिवचणारे. रूलीन त्या दिवशी सायकलवरून घरी गाणं म्हणत गेली होती. त्रेचाळिसाव्या वर्षीही तिची नोकरी दोन-दोन वर्षांच्या तुकड्यांनीच चालली होती, आणि हा तारा तिला पक्की खुर्ची देऊन गेला असता. पण खरी गोष्ट त्याहून साधी होती. आजवर तिने दुसऱ्यांचे तारे शोधून दिले होते. हा पहिलाच तिचा होता.

तरी ती कुणाला बोलली नाही, कारण रेडिओवाल्यांना एकच भीती असते, हसं होण्याची. घरच्याच कुठल्या यंत्राची खरखर तारा समजून जो नाचला, त्याला निवृत्त होईपर्यंत चिडवतात. आधी दुसऱ्या दुर्बिणीने खात्री करायची, मग तोंड उघडायचं. खात्रीसाठी विश्वासाचं माणूस लागतं, आणि तिला वोल्टरपेक्षा विश्वासाचं दुसरं कोण होतं? तिच्याहून आठ वर्षांनी लहान. माळरानावर त्याला पाठुंगळी घेऊन तिने मृगाचे तारे दाखवले होते, त्याची गणितं करून घेतली होती, पहिलं काम मिळावं म्हणून चार ठिकाणी शब्द टाकला होता. तिने त्याला जागा सांगितली.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "काही नाही गं, रूल. दोनदा बघितलं, सगळं सामसूम."

तिचा आवाज पडला असणार, कारण तो लगेच म्हणाला, "दर दोन तासांनी म्हणालीस ना? अगं, होविंगच्या गोठ्यातलं ते शेण ओढायचं यंत्र! आठवतं? दर दोन तासांनी फिरायचं, आणि त्याची मोटर कसल्या ठिणग्या उडवायची, घरातला रेडिओ खरखरायचा!"

ती दुसऱ्याच दिवशी गुडघ्याएवढे बूट घालून शेजारच्या होविंगच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. गाई तिच्याकडे बघत होत्या, ती घड्याळाकडे. वेळ झाली तसं यंत्र खडखडत निघालं. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग वेधशाळेत कॉफीच्या वेळी तिने स्वतःच हा किस्सा रंगवून सांगितला, म्हणजे दुसऱ्यांनी सांगायला नको. 'होविंगचा तारा' हे नावही तिनेच दिलं. आणि भावाने आपल्याला वेळेत सावरलं म्हणून तिने त्याचे मनापासून आभार मानले होते.

"म्हणजे माझं यंत्र निर्दोष सुटलं म्हणायचं की!" आता गोलाच्या पलीकडून खुद्द होविंग ओरडला. त्याच्या एका हातात चीजचा तुकडा होता, दुसऱ्या हातात सॉसेज. "रूलीन, तू येऊन गेलीस आणि मी घाबरून नवीन मोटर बसवली. म्हटलं, विज्ञानाच्या आड आपलं शेण नको!"

सगळा गोल खदखदून हसला. आईच्या वाढदिवसासाठी जर्मनीहून आलेला वोल्टर केकच्या बश्या घेऊन स्वयंपाकघरातून येत होता, तोही हसला, पण जरा उशिरा, आणि बहिणीची नजर टाळून. बश्या मावशीच्या हाती देऊन तो पुन्हा आत वळला. रूलीन उठून त्याच्या मागोमाग गेली आणि तिने दार लोटलं.

तो नळ सोडून कप धूत होता. कप स्वच्छच होते.

"मी आज सांगणारच होतो," तो म्हणाला. "बातमी संध्याकाळी यायची होती. सकाळीच फुटली."

"दोनदा बघितलंस आणि काही दिसलं नाही, असं म्हणाला होतास."

"हो."

"मग पुन्हा कधीतरी सहज बघितलं असशील. तेव्हा दिसलं. आणि मला सांगायचं राहून गेलं." ती हे शब्द एकेक करून त्याच्यासमोर मांडत होती, लहानपणी त्याला घास भरवायची तसे. त्याने नुसतं हो म्हणावं. विसराळू, घाईचा, भित्रा, काहीही चालणार होतं तिला. "असंच झालं ना, वोल्टर?"

"तुझं नाव आहे शोधनिबंधात. आभारांमध्ये. उपयुक्त चर्चेबद्दल म्हणून."

"चर्चेबद्दल!"

"मी भांडलो गं तुझ्यासाठी. पण आमच्या गटात एवढी माणसं, प्रत्येकाला—"

"मी हे विचारलं नाही. तू मला फोन केलास तेव्हा तुला ते दिसलं होतं की नव्हतं?"

पाणी वाहत राहिलं. बाहेर कुणीतरी नवीन आलं असावं, अभिनंदन, अभिनंदन, असा गलका ऐकू येत होता.

"पहिल्याच रात्री दिसलं," वोल्टर म्हणाला. "इतकं स्वच्छ, रूल. मी तिथे एकटा होतो. रडलो अगं मी."

"आणि मग मला गोठा दाखवलास."

"तू दुसऱ्या दिवशी सगळ्या जगाला सांगून मोकळी झाली असतीस! तुला काही पोटात ठेवता येत नाही. मला थोडाच वेळ हवा होता. माझी जागा पक्की व्हायची होती, घराचे हप्ते, दोन पोरं—"

त्याचं पुढचं बोलणं तिने ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे गाई होत्या. त्याने नुसता तारा नेला असता तर ती ओरडली असती, भांडली असती, वर्षभर बोलली नसती, आणि मग पुन्हा बोलली असती. पण त्याने बसून विचार केला होता. दोन तासांनी चालणारं काय आहे, हे त्याने डोकं लढवून शोधलं होतं, आणि तेही दोघांच्या लहानपणातून. तिचा तारा तिच्याच हाताने उकिरड्यावर टाकायला लावला होता. तिला इतका संताप आला, की हातातली बशी ठेवायला टेबल कुठे आहे ते कळेना.

दार उघडून आई आली. केसांना आज खास वळण दिलेलं, पोशाखावर कुणीतरी लावलेलं कागदी फूल. "अरे, कॉफीची किटली कुठंय? बाहेर माणसं बसलीत आणि तुम्ही—" तिने दोघांकडे बघितलं. मग वोल्टरला हळूच विचारलं, "सांगितलंस का तिला?"

रूलीनने बशी ओट्यावर ठेवली. "तुला माहीत होतं?"

"आता आज नको, रूलीन."

"कधीपासून?"

"नाताळला आला तेव्हा बोलला तो. मीच म्हटलं, इतक्यात नको सांगूस, सगळं पार पडू दे." आईने किटली उचलली, झाकण उघडून उगाच आत बघितलं. "त्याच्यामागे संसार आहे गं. तुझं एकटीचं काय, भागतं. आणि शेवटी घरातच राहिलं ना? बाहेरच्याने नेलं असतं तर?"

"नाताळला," रूलीन म्हणाली. "नाताळच्या जेवणाला तूच मला म्हणालीस, तो गोठ्याचा किस्सा सांग सगळ्यांना. मी नको म्हणत होते. तू टाळ्या वाजवून मला उभं केलंस. तेव्हा तुला माहीत होतं, आई?"

वोल्टरने नळ बंद केला.

"इतकं वाईट काय झालं त्यात?" आई म्हणाली. "सगळे किती हसले. तूसुद्धा हसलीस."

हो, हसली होती. यंत्र कसं खडखडत निघालं त्याची नक्कल करून दाखवली होती, आणि वोल्टर डोळे पुसत तिला पुन्हा एकदा कर म्हणाला होता. तिने पुन्हा केली होती.