चुकीच्या खांद्यावर

चूक नोंदणीच्या टेबलामागच्या मुलीची होती, हे आधीच सांगते. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी मदत गोळा करायला निघालेली ती फेरी. आजारातून बऱ्या झालेल्या बायकांना गुलाबी पट्टा आणि सोबत चालणाऱ्या घरच्यांना पांढरा, असा तिथला नियम. माझे बारीक कापलेले पांढरे केस आणि बसलेले गाल बघून तिने कौतुकाने गुलाबी पट्टा माझ्याच खांद्यावर चढवला. आजारी होती ती शेजारी उभी असलेली माझी धाकटी बहीण. पण तिचे केस आता असे दाट आलेत की कोणाला शंकाही येऊ नये. तिने गुपचूप पांढरा पट्टा उचलला.

मी माझा काढायला गेले तर तिने हात धरला.

"राहू दे गं ताई. मला आज कोणाच्या डोळ्यांत कीव बघायची नाहीये."

धाकटी गाडी चालवायला शिकवते. शिकायला येणाऱ्यांना तिने आजाराचा पत्ताही लागू दिला नव्हता. इथे आली तीसुद्धा माझ्या लेकीने मावशीच्या मागे भुणभुण लावली म्हणून. मग मी काय म्हणणार?

आम्ही निघालो. रस्त्याच्या कडेला पाण्याचे ग्लास घेऊन उभी असलेली माणसं मला बघून टाळ्या वाजवायला लागली. आधी मी मान खाली घातली. मग हळूच हात हलवायला लागले. लेक कानाशी येऊन म्हणाली, आई, आवर जरा. धाकटीची हसून हसून पुरेवाट झाली होती. आणि मला ते आवडत होतं. लाज वाटते, पण आवडत होतं.

पुलाच्या चढावर तपकिरी स्वेटर घातलेली एक बाई माझ्या बरोबरीने चालू लागली. तिच्या खांद्यावर पट्टा नव्हता. बराच वेळ ती माझ्या पट्ट्याकडे बघत होती.

"खरं सांगाल?" ती म्हणाली. "केमोची औषधं चढवायचे तेव्हा तुम्हाला फार त्रास झाला का?"

तेव्हाच पट्टा काढायला हवा होता. मी ती नव्हे, एवढं म्हणायला काय लागतं? पण माझी जीभ माझं ऐकेल तर शपथ.

"छे हो. काही दुखत नाही. जरा थकवा येतो, दोन दिवसांत उठून कामाला लागतो आपण."

अगदी ठसक्यात सांगितलं. शब्द माझे नव्हतेच. आजारपणात रोज फोनवर धाकटी मला हेच सांगायची आणि मी निवांत फोन ठेवायचे.

मला वाटलं होतं बाईला धीर येईल. उलट तिचा चेहराच पडला. तिची पहिली खेप झाली होती आणि आठवडाभर तिला उभंही राहता आलं नव्हतं. पुढची खेप सोमवारी होती. मग हे माझ्याच अंगाला सोसत नसेल, नाहीच जात मी आता, असं पुटपुटत ती मागे पडायला लागली.

धाकटीने माझं कोपर धरून मला बाजूला घेतलं. शिकणाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग ती असंच धरत असणार.

"थांबा," ती त्या बाईला म्हणाली. "हिला काही झालेलं नाही. आजारी मी होते."

मग पुलाच्या कठड्याला टेकून तिने सगळं सांगितलं. तोंड आतून सोलवटायचं, पाण्याचा घोटसुद्धा जाळत जायचा. उठायचं त्राण नाही म्हणून ती बाथरूमच्या फरशीवरच पडून राहायची. दुसऱ्या खेपेला जायचं नाही म्हणून गाडीची दारं आतून लावून बसली होती. यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.

"दुखतं," ती म्हणाली. "खूप दुखतं. तरी जा. सोमवारी मी येते न्यायला."

बाई तिचा हात धरून रडली. मग डोळे पुसून तिने घराचा पत्ता दिला आणि सोमवारी तयार राहीन म्हणाली. ती गर्दीत पुढे गेल्यावर मी पट्टा काढला. तो धाकटीला देण्याचीही मला लाज वाटत होती.

"मला तर म्हणायचीस, काही दुखत नाही."

"तुला सांगितलं असतं तर आधी तुलाच सावरावं लागलं असतं, ताई. तेवढी ताकद नव्हती माझ्यात."

ती हे रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. पण आवाजात राग नव्हता. लेक दुसरीकडे बघत उभी राहिली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. पट्टा माझ्या मुठीत चुरगळत होता.

"आता सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. "ऐकवेल तुला?"

"नाही," मी म्हटलं. "तरी सांग."